वर्तुळाबाहेरचं सोयाबीन

कुठल्याही विधीला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला ईश्वर, आत्मा, निसर्गशक्ती यांच्याबद्दल काही विचारायचं नसतं. त्याला विचारायचं असतं, चपला कुठं काढू? मग, पुढं उभा राहू की मागं? पुढं राहिलं तर कुणीतरी हातात आरतीचं ताट देतं, मागं राहिलं तर काही दिसत नाही. तिसरा प्रश्न मोठ्यानं विचारताच येत नाही : हे आटोपतं कधी?

माझं खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. विधी म्हणाल तर दसऱ्याला वजनकाट्याला हार घालतो, तेवढाच. पण २०२५ च्या उन्हाळ्यात दोन ठिकाणचं नवखेपण एकदम वाट्याला आलं. एक विधी इंग्लंडचा, दुसरा आमच्याच जिल्ह्यातल्या भेंडवळचा. आणि पंचांगाची गंमत अशी, की दोन्ही एकाच रात्री आले.

इंग्लंडचा विधी घरी आणला भाचीनं. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. कंपनीनं तिला घरून काम करायची मुभा दिली आहे, आणि उन्हाळ्यात 'घरून' म्हणजे मामाच्या घरून, असा तिनं त्याचा अर्थ लावला आहे. आली तेव्हा बॅगेत लॅपटॉप, मेणबत्त्या, काळ्या मुठीचा एक बोथट सुरा आणि दालचिनीचे लांब लांब तुकडे. तिच्या मामीला वाटलं, पोरगी बिर्याणी करणार. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मामीनंच विचारलं, "मटण आनू का मंग?"

तेव्हा उलगडा झाला. ती विक्का शिकत होती. निसर्गाची, चंद्राच्या कलांची आणि बदलत्या ऋतूंची पूजा करणारा हा धर्म. त्यातले लोक स्वतःला उघडपणे चेटके आणि चेटकिणी म्हणवतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. वर्ग ऑनलाइन, इंग्लंडहून चालणारा, कुणालाही खुला. शिकवणाऱ्या बाई संध्याकाळी आठला सुरू करत, घरची कामं आवरून, चहाचा कप हातात घेऊन. तिकडचे आठ म्हणजे इकडचे रात्रीचे साडेबारा. तिकडच्या लोकांच्या सोयीची ती वेळ इकडे थेट चेटकिणीचीच वेळ ठरत होती. मध्यरात्री दार लोटून, मेणबत्ती लावून, उजळलेल्या पडद्यासमोर पोरगी इंग्रजीत पुटपुटते आहे, हे मामीनं एका रात्री पाणी प्यायला उठल्यावर पाहिलं. सकाळी तिनं मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन भाचीची दृष्ट काढली.

भाची हरखून गेली. "मामी, हा तर संरक्षणाचा विधी! आम्हाला चौथ्या धड्यात आहे. तुला कुणी शिकवला?"

"शिकवाले काय लागते त्याले," मामी म्हणाली. "मिरच्यायचा खाट आला नाई पाय. म्हंजे लय दृष्ट लागेल हाये तुले."

भाचीनं ते लगेच वहीत टिपून घेतलं. प्रत्येक शिकाऊ चेटकिणीनं अशी एक खासगी वही ठेवायची असते, तिला म्हणतात 'बुक ऑफ शॅडोज', म्हणजे सावल्यांची वही. मंत्र, विधी, पाककृती, स्वप्नं, सगळं त्यात. ती दुसऱ्या कुणी पाहायची नाही. माझ्याही गल्ल्यात तसलीच एक वही आहे. तिच्यात गावातल्या निम्म्या लोकांच्या सावल्या आहेत आणि तीही मी कुणाला दाखवत नाही.

धर्माचा मूळ पुरुष कोण, हे मी विचारून घेतलं. माल घेताना कंपनी पाहायची सवय आहे. तर तो जेराल्ड गार्डनर. जन्म १८८४, इंग्रज माणूस, मलायात कस्टम खात्यात अफू आणि रबरावर नजर ठेवायच्या नोकरीत होता. १९३६ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेला. पुढं त्यानं सांगितलं, की न्यू फॉरेस्ट भागात जुन्या चेटकिणींची एक मंडळी मला भेटली आणि १९३९ मध्ये त्यांनी मला दीक्षा दिली. इंग्लंडात जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा होता, तो १९५१ मध्ये रद्द झाला. १९५४ मध्ये गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक निघालं आणि धर्म उघड्यावर आला. आमच्याकडे सरकारी माणूस निवृत्त झाला की पतसंस्था काढतो, नाहीतर भागवत सप्ताह बसवतो. गार्डनरनं धर्म काढला. पेन्शन वेळेवर मिळाली की माणसाला काय काय सुचतं!

रोनाल्ड हटन नावाच्या इतिहासकारानं १९९९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहून दाखवून दिलं, की हा धर्म बव्हंशी विसाव्या शतकातच घडवलेला आहे. भाची मात्र 'प्राचीन परंपरा' म्हणायचं सोडत नाही. आमच्या आईचा जन्म १९४६ चा. म्हणजे ही प्राचीन परंपरा पुस्तकरूपानं आली तेव्हा आई आठ वर्षांची होती आणि पाटीवर अंक गिरवत होती. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लहान हाये मंग तो धर्म. शिकंल हळूहळू."

गार्डनरचा अंगावर काहीही न घालता विधी करण्यावर भर होता. सार्वजनिक वर्गांत आणि खुल्या सणांत तसं काही नसतं, सगळे नीट कपडे घालून येतात, असं भाचीनं मला तीनदा बजावून सांगितलं. मामीला आम्ही हा परिच्छेद वाचूनच दाखवला नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला पहिल्याच दिवशी सांगितली : दुकानात कुणी विचारलं काय शिकतेस, तर योगा सांगायचं. यात हसण्यासारखं थोडं आणि न हसण्यासारखं जास्त आहे. आपल्याकडे बाई स्वतःला चेटकीण म्हणवून घेत नाही. ते काम गाव करतं, आणि पुढं त्या बाईचं काय होतं ते पोलिसांच्या पंचनाम्यात वाचायला मिळतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते असा आळ घेऊन तिचं जगणं अवघड करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. लंडनच्या उपनगरात जे बिरूद छातीवर लावून मिरवतात, त्याचा आळ आमच्या भागात बाईच्या जिवावर बेततो. भाचीला हे माहीत होतं. तिनं मला कोलकात्याच्या इप्सिता राय चक्रवर्तींची गोष्ट सांगितली. या बाईंनी १९८६ मध्ये आपण विक्कन असल्याचं जाहीर केलं, खेड्यापाड्यांत चेटकीण ठरवलेल्या बायकांची बाजू घेतली, आणि १९९८ मध्ये हुगळीतून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेलाही उभ्या राहिल्या. पडल्या. जादू किती चालते आणि त्या वर्षी बंगालात पक्षाची हवा किती होती, दोन्हींचा अंदाज यावा.

मला खरी गोडी लागली ती त्यांच्या वर्षचक्रात. माझा सगळा धंदा ऋतूवर, आणि हा धर्म ऋतूंचा, तेव्हा काहीतरी कामाचं निघेल असं वाटलं. त्यांचं वर्ष आठ सणांचं. एका रात्री मी भाचीशेजारी पाट टाकून बसलो आणि एकेक सण पिंपळगावच्या शिवारावर लावून पाहिला.

१ फेब्रुवारी, इम्बोल्क. मेंढ्यांना दूध उतरतं, बर्फ वितळायला लागतं. आमच्याकडे त्या दिवशी हुरडा संपत आलेला असतो आणि दिल्लीत अर्थसंकल्प मांडतात. शेतीला काय मिळालं हे टीव्हीसमोर बसून पाहायचं आणि काही न बोलता उठायचं, हा तोही विधीच. मार्चमध्ये दिवस-रात्र समान झाले की ओस्टारा. अंडी, ससे, पहिली फुलं. आमचा गहू काढायला आलेला असतो आणि ससा दिसलाच तर तो हरभऱ्यात दिसतो, त्याची कुणी पूजा करत नाही. २१ जूनला लिथा, वर्षातला सर्वांत मोठा दिवस, सूर्याचा जल्लोष. २१ जूनला वऱ्हाडात कुणी सूर्याचा जल्लोष केला तर लोक त्याला बांधून घालतील. त्या दिवशी अख्खा तालुका ढग शोधत असतो. १ ऑगस्ट, लुनासा, पहिल्या पिकाची पहिली भाकरी. अहो, १ ऑगस्टला आमच्याकडे डवरणी चाललेली असते, निंदायला बाया मिळत नाहीत आणि माझ्या दुकानासमोर युरियाची रांग असते. भाकरी असते, पण ती गेल्या वर्षीच्या ज्वारीची. ३१ ऑक्टोबरचा साउइन हा मृतांचा सण. त्या सुमाराला बाजार समितीत सोयाबीनचा भाव मेलेला असतो, एवढंच साम्य.

"आणि सोयाबीनचा सण कोणता?" मी विचारलं.

भाचीनं चक्राचं चित्र वर-खाली करून पाहिलं. गहू होता, बार्ली होती, सफरचंद होतं. सोयाबीन नव्हतं.

ऑस्ट्रेलियातले विक्कन हे चक्र उलटं फिरवतात म्हणे. तिकडे मे महिन्यात हिवाळ्याची चाहूल लागते, म्हणून १ मेचा वसंताचा सण, बेल्टेन, ते ऑक्टोबरच्या शेवटी करतात. मग विदर्भानं काय करावं? आम्हाला चार ऋतू नाहीतच. कडक ऊन, पाऊस किंवा त्याची वाट, आणि थोडी थंडी. भाचीनं हा प्रश्न वर्गात विचारला. बाई म्हणाल्या, तुझ्या जमिनीचा ऋतू काय सांगतो ते ऐक, तिथले लोक तो कसा साजरा करतात ते जाऊन बघ. उत्तर मला पटलं. चक्र आपलं आपण फिरवायची आमच्या तालुक्याला सवयच आहे. सगळ्या देशाचं नवरात्र संपून घट उठले, की खामगावात कोजागिरीला मोठी देवी बसते आणि पुढं अकरा दिवस शांती उत्सव चालतो. देवीनं कधी बसायचं ते खामगाव ठरवतं.

दिशांच्या बाबतीत मात्र बाईंचं आणि मामीचं जमलं नाही. विक्कात वर्तुळ आखलं की चारही दिशांना एकेका तत्त्वाला हाक मारायची. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. भाची मोबाइलवर होकायंत्र लावून अंगणात फिरत होती. मामी पापड वाळत घालत होती. "पानी पश्चिमेले कसं काय? पूर्णा त उत्तरेले हाये." इंग्लंडच्या पश्चिमेला महासागर आहे, हे तिला समजावून सांगितलं. "मंग त्यायले तिकून बोलावू दे. आपन नांदुऱ्याकून बोलवू." शेवटी भाचीनं आमच्या अंगणापुरतं पाणी उत्तरेला हलवलं.

आणि वर्तुळ एकदा आखलं की त्यातून असंच बाहेर पडता येत नाही. सुऱ्यानं हवेत दार कापायचं, बाहेर पडायचं, पुन्हा दार बंद करायचं. मामी हौसेनं एकदा आत बसली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. भाची दार कापेपर्यंत दुसरी झाली, तिसरी झाली. वरणाचा त्या दिवशी लगदा झाला. मामीनं त्या धर्माबद्दलचं आपलं मत तिथंच कायम केलं.

तर आता भेंडवळ. घाटाखालच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथं शेतात घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात : पाऊस, पिकं, रोगराई, देशाचा राजा. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही परंपरा सुरू केली आणि तिला साडेतीनशे वर्षं झाली असं सांगतात. त्यांच्याच घराण्यातल्या पुंजाजी आणि सारंगधर महाराजांची नावं आताच्या पिढीला ठाऊक आहेत. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून शेतकरी येतात. मी आयुष्यात गेलो नव्हतो. जायची गरजच पडली नाही. भेंडवळ माझ्या दुकानात येतं. पहाटे भाकीत झालं की सात वाजेपर्यंत यादी व्हॉट्सॲपवर असते आणि आठ वाजता कुणीतरी काउंटरवर कोपर टेकून म्हणतं, "तूर चांगली सांगेल हाये बरं." त्या वर्षी तुरीचं बियाणं मी जरा जास्त मागवतो. मी श्रद्धाळू नाही, पण माझं गिऱ्हाईक थोडंसं आहे, आणि व्यापाऱ्याला तेवढं पुरतं.

२०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला आली. ३० एप्रिलची रात्र आणि १ मे म्हणजेच बेल्टेन. भाचीनं कॅलेंडर पाहून किंकाळीच फोडली. मामीला वाटलं, पाल पडली.

दुपार उतरल्यावर आम्ही तिघं निघालो. नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती डोक्यावरून जाऊ दिला, पूर्णा ओलांडली आणि सातपुडा समोर ठेवून भेंडवळ गाठलं. शेतात माणसंच माणसं. नवखेपणाचा पहिला प्रश्न लगेच सुटला : चपला कुणीच काढल्या नव्हत्या, कारण ढेकळं तापलेली होती. दुसरा सुटेना. मोबाइल वर धरलेल्या हातांमधून जे दिसलं ते असं. जमिनीवर गोल घट आखलेला. त्याच्या कडेनं अठरा प्रकारची धान्यं थोडी थोडी मांडलेली. अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, बाजरी, जवस, गहू, हरभरा, करडी, मसूर असं बरंच. मधोमध खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, करंजी, भजी, वडा, सांडोळी, कुरडई. आणि विड्याचं पान, त्यावर सुपारी.

शेजारी उभे असलेले एक काका दरवर्षी येणारे निघाले. त्यांनी आमचा वर्ग घेतला, तोही मोफत आणि कुणालाही खुला. पुरी म्हणजे पृथ्वी. करंजी म्हणजे देशाची तिजोरी. सांडोळी-कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा. भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे शत्रू, करडी म्हणजे संरक्षण. सुपारी म्हणजे राजा आणि पान म्हणजे त्याची गादी. रात्रभरात कोणतं धान्य आत सरकलं, कोणतं बाहेर गेलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, सुपारी हलली की जागेवर आहे, त्यावरून सगळं ठरतं. भाची वहीत भराभर लिहीत होती. मी मनात म्हटलं, देशाची तिजोरी करंजीच्या आकाराची असते हे ज्याला सुचलं तो माणूस अर्थशास्त्र कोळून प्यायला असला पाहिजे : वरून फुगलेली, आत सारण किती ते फोडल्याशिवाय कळत नाही. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता होती म्हणून राजाबद्दल जाहीर भाकीत झालं नाही. सुपारीलाही निवडणूक आयोगाचं ऐकावं लागतं.

"काका, सोयाबीन कुठं आहे?" भाचीनं विचारलं.

काकांनी घटाकडं पाहिलं. मग आमच्याकडं. "नाई. जुन्या यादीत कुठून असंल? तवा सोयाबीन होतं का आपल्याकडं?"

मला एकदम त्या रात्रीचं चक्र आठवलं. इंग्रजांच्या वर्तुळात सोयाबीन नाही हे समजू शकतो. पण इथं उभ्या असलेल्या दहा माणसांतल्या सात-आठ जणांच्या घरात सोयाबीन पडून होतं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून बराच कमी, म्हणून विकावं की ठेवावं या घोरात ते होतं. आणि घटात जवस होता, मठ होता, लाख होती. आता लाख पेरायला निघालेला माणूस माझ्या दुकानात कधी आला, हे मला वही उघडूनही सापडणार नाही. घाटाखालच्या शेतीचा जुना सातबाराच तो, आखून ठेवलेला. आजचं पीक तेवढं त्यात नोंदवायचं राहून गेलं आहे.

घट मांडून झाल्यावर सगळे निघाले. रात्री तिथं कुणी थांबत नाही. इथं मला दोन धर्मांतला फरक कळला : विक्काच्या वर्तुळात माणसं आत आणि जग बाहेर, भेंडवळच्या वर्तुळात धान्य आत आणि माणसं बाहेर. नवख्याला दुसरी व्यवस्था फार सोयीची. कुकरची शिट्टी झाली तरी अडचण नाही.

वाटेत एक तरुण पोरगा मित्रांना सांगत होता, की रात्री मुंग्या आणि वारा धान्य हलवतात, यात भविष्य कसलं? अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच म्हणत आले आहेत आणि तर्क म्हणून ते बरोबरच आहे, मलाही तसंच वाटतं. पण पुढं चाललेल्या एका म्हाताऱ्यानं मान न वळवता विचारलं, "मुंग्याले कोन पाठवते मंग?" पोरगा गप्प झाला. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही, वऱ्हाडात याला बोलणं संपलं म्हणतात.

रात्री जळगाव जामोदला मामीच्या बहिणीच्या गच्चीवर मुक्काम. साडेबाराला भाचीनं मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून लावला. पडद्यावर इंग्लंड. तिथं सूर्य अजून मावळायचा होता. कुणाच्या तरी परसात फुलांचे गजरे घातलेली माणसं गोल करून उभी आणि शिकवणाऱ्या बाई वहीनं वारा घेत होत्या. बेल्टेनला होळी पेटवून तिच्यावरून उडी मारायची असते, पण या वर्षी भयंकर उकाडा आहे म्हणून आग लहानच ठेवली आहे, असं त्या म्हणाल्या. भाचीनं मामीला भाषांतर करून सांगितलं. मामीनं विचारलं, "किती हाये त्यायच्याकडं?" दिवसा सव्वीस-सत्तावीस, भाची म्हणाली. आमच्याकडे दिवसभर पारा चाळिशीच्या बराच वर होता आणि मध्यरात्री गच्चीची फरशी गरम होती. मामी आणि तिची बहीण तोंडाला पदर लावून जे हसायला लागल्या, ते इंग्लंडलाही ऐकू गेलं. बाईंनी हसून हात हलवला; त्यांना वाटलं, सणाचा आनंद आहे. त्यांचीही चूक नाही. दुसऱ्याच दिवशी, १ मेला, लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २९.३ अंश तापमान झालं आणि तिकडच्या १ मेचा आजवरचा विक्रम मोडला.

उडीसाठी भाचीनं निरांजन लावलं होतं. त्यावरून सगळ्यांनी उडी मारायची आणि मनात इच्छा धरायची. भाचीनं मारली. मी मारली, गुडघ्यानं निषेध नोंदवला. मामी म्हणाली, दिव्याला ओलांडत नसतात. तिनं त्याला हात जोडले आणि विझू नये म्हणून आडोशाला नेऊन ठेवलं. वर्ग संपताना ते लोक एकमेकांना म्हणतात, आनंदानं भेटलो, आनंदानं निघू, पुन्हा आनंदानं भेटू. मामीची बहीण म्हणाली, "या मंग," आणि फोन बंद झाला.

पहाटे पुन्हा शेतात. भाकीत काय झालं ते तुम्ही तेव्हा पेपरात वाचलं असेल, ते इथं सांगत बसत नाही. माझं लक्ष भाषेकडं होतं. पीक साधारण. पीक मोघम. पीक चांगलं, पण नासाडी. भावात तेजी. 'मोघम' ऐकलं की माणसं मान डोलावत. नवखा असल्यामुळं मला आधी वाटलं, हे काय उत्तर झालं? मग लक्षात आलं, की हवामान खात्यानं १५ एप्रिललाच सांगितलेलं होतं : सरासरीच्या १०५ टक्के पाऊस, पाच टक्के इकडं किंवा तिकडं. पेरणीच्या वेळी तेच खातं म्हणतं, तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता. तुरळक ठिकाण म्हणजे माझं शेत की शेजाऱ्याचं, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. आणि पावसानं त्या वर्षी केलं काय, तर २४ मेलाच केरळ गाठलं, २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. मेच्या अखेरीस राज्यात शिवारं भिजली होती आणि लोकांची नांगरटसुद्धा उरकली नव्हती. घट, चक्र आणि उपग्रह, तिघांनाही न विचारता.

गर्दी पांगताना काकांनी भाचीला विचारलं, "लिहिलं का सगळं? मंग पुढच्या वर्षी ये. पायजो, यातलं किती खरं झालं ते." तिनं विचारलं, तुम्ही तसं ताडून पाहता का? "पायतो ना. झालं त भेंडवळनं सांगितलं होतं म्हनतो. नाई झालं त पावसाले शिव्या देतो." विश्वासाची इतकी हलकी, वापरायला सोपी रीत मी आजवर कुठल्या पोथीत पाहिली नाही.

दहाच्या सुमाराला पिंपळगावात पोचलो. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करून आलेला एक जुना गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर बसलाच होता. मी शटर वर केलं.

"यादी आली का भेंडवळची?"

"यादी काय, मी स्वतः जाऊन आलो," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"सोयाबीनचं काय म्हनलं?"

"काहीच नाही. सोयाबीन यादीतच नाही."

"नाई?" त्यानं थोडा विचार केला. "म्हंजे वाईटबी नाई म्हनलं."

"नाही."

"मंग दोन बॅगा ठेव लिहून."

"पैसे?"

"दिवाळीले," तो म्हणाला आणि आत उभ्या असलेल्या भाचीकडं मान करून विचारलं, "हे पोरगी काय शिकून राह्यली म्हने?"

"योगा," मामी आतून म्हणाली.